बेरीज हा आमचा विषय नव्हे

आवक-जावक शाखेतील कनिष्ठ लिपिकास सोमवारी, कार्यालयीन वेळेत, एक शिंक आली. शिंक साधीच होती. घरी आली असती तर बायकोने गरम पाण्याचे भांडे पुढे सरकवले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण ती कार्यालयात आली, आणि त्या कार्यालयात आलेली कोणतीही गोष्ट जागच्या जागी मिटवण्याची पद्धत नव्हती. ती वर पाठवावी लागे.

वर पाठवण्याचाही एक रिवाज होता. कागद ज्या टेबलावर जाईल त्या टेबलाने त्यात स्वतःची काहीतरी भर घातलीच पाहिजे. नुसते 'मान्य' लिहून सही करणाऱ्याच्या टेबलाची गरजच काय, असा प्रश्न एकदा वरून आला होता आणि त्यात एक धडधाकट टेबल रद्द झाले होते. तेव्हापासून सगळे भर घालू लागले. खालच्याने काय लिहिले आहे ते वाचण्याचा मात्र रिवाज नव्हता. वाचण्यात वेळ जातो, आणि भर घालायची तर मोकळ्या मनाने घालावी लागते.

आपल्या लिपिकाला सगळे आवकराव म्हणत. येईल ते घेणे हे त्याचे कामही होते आणि स्वभावही. गेली कित्येक वर्षे तो वरिष्ठ लिपिक होण्याची वाट पाहत होता आणि त्याची मुलाखत बरोबर बुधवारी होती. मुलाखत घेणार कोण, तर त्याच्याच शेजारची आणि डोक्यावरची चार टेबले. यांपैकी एकाही माणसाचे मन बुधवारपर्यंत मोडायचे नाही, असे त्याने मनाशी पक्के केले होते. अशा आठवड्यात शिंक यावी, याला दैव म्हणतात.

"सर्दी दिसतेय," शेजारच्या टेबलावरचा लिपिक म्हणाला. सगळे त्याला दादा म्हणत, आणि मुलाखत समितीत कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून तोच होता. त्याने खण उघडून पिवळ्या गोळ्यांचे एक खोके काढले. "ही घे. दिवसातून तीनदा. मला कायम हिनेच बरं वाटतं."

आवकरावने घेतली. तेवढ्यात मुख्य लिपिकबाई आल्या.

"दादाने दिली ना? दिलेली राहू दे," बाई म्हणाल्या, "पण तेवढ्याने काय होणार? ही निळी पण घे, तीनदाच. मी नुसती दुसऱ्याच्या औषधावर सही करणाऱ्यांतली नाही."

शाखाधिकाऱ्यांनी खोकल्याची बाटली दिली. मापाचे टोपण हरवले होते. "किती घ्यायचं साहेब?" आवकरावने विचारले. "अरे, घोट घ्यायचा. खोकला काय मोजून येतो का?" शाखाधिकारी म्हणाले. उपसंचालकांनी गरम पाण्यात विरघळणाऱ्या पुड्यांचा अख्खा डबा खाली पाठवला. तो त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणला होता, म्हणजे गुणकारी असणारच.

आवकराव दिवसभर पत्रे वाचायचा. कोणतेही पत्र तो विषय, संदर्भ आणि खालची टीप वाचल्याशिवाय पुढे सोडत नसे. पण औषधाच्या खोक्यावर मागच्या बाजूला काय लिहिले आहे, ते पाहावे असे त्याच्या मनातही आले नाही. गोळी पिवळी, गोळी निळी, औषध लाल, पूड पांढरी. टेबले वेगवेगळी, रंग वेगवेगळे, त्याअर्थी विषयही वेगवेगळे असणार. वरिष्ठांकडून आलेल्या गोष्टीची मागची बाजू पाहणे त्याला उद्धटपणाचे वाटले.

दुपारपर्यंत त्याने सगळ्यांच्या पहिल्या मात्रा घेतल्या, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या. सर्दी होती तिथेच होती. फक्त त्याला कमालीची झोप येऊ लागली, आणि त्या झोपेत त्याने बाहेर जाणाऱ्या पत्रांवर 'आवक' असे शिक्के मारले. पत्रे पुन्हा त्याच्याच टेबलावर आली. ती त्याने आनंदाने स्वीकारली.

घरी जाता जाता तो औषधाच्या दुकानात शिरला.

"खोकला कोरडा की ओला?" दुकानदाराने वर न बघता विचारले.

"सध्या वरिष्ठांच्या विचाराधीन आहे," आवकराव जांभई देत म्हणाला.

"मग हे न्या. सगळ्यावर चालतं." दुकानदाराने एक चौकोनी पाकीट पुढे टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारला.

रात्री जेवताना बायकोने ताटाशेजारी मांडलेली ही सगळी आरास पाहिली. तिने चष्मा लावला, खोकी एकेक करून दिव्याखाली धरली, आणि तिचा घास हातातच राहिला.

"अहो, हे काय चाललंय? या सगळ्यांत एकच औषध आहे. पॅरासिटामॉल, पॅरासिटामॉल, पुन्हा पॅरासिटामॉल. बाटलीतसुद्धा तेच. नावं वेगळी, आतला माल तोच!"

"तुला काय कळतंय? निळी बाईंनी दिलीये. पूड तर थेट उपसंचालकांची आहे."

"तुमच्या यकृताला काय कळणार, कुठली कोणाची ते? आणि हे बघा, यात शिवाय सर्दीचं औषध आहे, इथे लिहिलंय, त्याने झोप येते, गाडी चालवू नये. तुम्ही स्कूटरवर आलात ना?"

"हळूच आलो."

"डॉक्टरांना फोन लावते मी."

"मुळीच नाही! परवा मुलाखत आहे. चौघेही विचारतील, माझं औषध घेतलंस का? काय सांगू?"

"घेतलं म्हणून सांगा आणि गप्प बसा."

"खोटं? समितीसमोर?" आवकराव हादरला. सरकारी नोकरीत त्याने लटपटी पाहिल्या होत्या, पण वरिष्ठांशी खोटे बोलण्याची वेळ आजवर आली नव्हती. बायकोने सगळी खोकी उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली पदराला बांधली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. तिचा नवरा कोणालाच नाही म्हणू शकत नाही हे तिला ठाऊक होते. लग्नाला होकारही त्याने तसाच दिला होता.

पण कपाट घरात होते आणि चौघांचे खण, जादा साठ्यासह, कार्यालयात. मंगळवारी सकाळी चारही टेबलांनी आपापल्या औषधाचा पाठपुरावा केला. आवकरावने चारही पाठपुराव्यांचे तिथल्या तिथे, औषध गिळून, निराकरण केले आणि दुपारी पुन्हा केले. शिवाय दुकानदाराचे चौकोनी पाकीट त्याच्या खिशातच राहिले होते. पैसे देऊन घेतलेली वस्तू वाया घालवणे त्याला पटले नाही.

बुधवारी तो मुलाखतीला गेला तेव्हा त्याला मळमळत होते आणि समोरचे चौघे आठ दिसत होते. समितीने त्याच्या कामाविषयी काही विचारले नाही.

"माझी गोळी घेतलीस?" दादाने विचारले. "घेतली."

"आणि माझी?" "घेतली, बाई."

शाखाधिकारी आणि उपसंचालक यांचीही खात्री झाली. चौघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरले, कारण आवकराव शिंकत नव्हता आणि याचे श्रेय प्रत्येकाला एकट्याला मिळत होते. "अत्यंत आज्ञाधारक उमेदवार," उपसंचालकांनी शेरा लिहिला. नेमक्या त्याच क्षणी अत्यंत आज्ञाधारक उमेदवाराला ओकारी आली आणि तो खुर्चीवरून घसरला.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारले, "काय काय घेतलंय यांनी?"

समिती सोबत आलीच होती. प्रत्येकाने आपले खोके अभिमानाने पुढे केले. बायको धावत आली होती, तिने किल्ली फिरवून कपाटातलेही सगळे आणले होते. डॉक्टरीणबाईंनी सगळी खोकी टेबलावर ओळीने मांडली, मागची बाजू वर करून.

"हे सगळं एकच औषध आहे. ताप उतरवणारं. थोडं घेतलं तर चांगलं औषध आहे, पण दिवसाला किती, याला मर्यादा असते. तुम्ही एकाच माणसाला वेगवेगळे कोट घालून पुन्हा पुन्हा आत पाठवलंत. आणि यकृत बिघडायला लागलं तरी सुरुवातीला माणसाला फारसं काही जाणवत नाही, हे जास्त वाईट." मग त्या बायकोकडे वळल्या. "वेळेत आणलंत. उतारा सुरू करतोय. आणखी दोन दिवस गेले असते, तर मी असं बोलत नसते."

बायकोने भिंतीला पाठ टेकली आणि पदर तोंडाला लावला. समिती थोडी बाजूला सरकून उभी राहिली.

"माझी मात्रा मर्यादेत होती," दादा हळूच म्हणाला.

"माझीसुद्धा. खोक्यावर लिहिलंय तेवढीच," बाई म्हणाल्या.

"घोटाला तर मर्यादाच लिहिलेली नसते," शाखाधिकारी म्हणाले.

चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्यावर हेच चौघे होते, कारण प्रकरणाची माहिती त्यांनाच होती. अहवाल निःपक्षपाती होता. प्रत्येक टेबलाने दिलेली मात्रा स्वतंत्रपणे पाहता नियमानुसार होती. धोका केवळ बेरजेमुळे उद्भवला होता, आणि बेरीज हा कोणत्याही टेबलाचा विषय नव्हता. सबब कोणीही दोषी नव्हते. मात्र भविष्यात बेरीज करण्यासाठी एक स्वतंत्र टेबल निर्माण करावे, अशी शिफारस करण्यात आली.

ते टेबल आवकरावला मिळाले. वरिष्ठ लिपिक, बेरीज. यकृत सावरले होते, हुद्दा मिळाला होता, आणि पहिल्या दिवशी बायकोने त्याला दारातूनच बजावले, "कोणी शिंकलं तर एवढंच विचारायचं, आधी काय घेतलंत? आणि खोकं उलटं करून बघायचं. कळलं?" आवकरावला या वेळी खरोखरच कळले होते.

आठवड्याभराने लेखा शाखेतल्या बाई शिंकल्या. शिंक रीतसर खालून वर आली आणि सर्वांत शेवटी बेरजेच्या टेबलावर पोचली. आवकरावने बाईंना खुर्ची दिली, सगळी खोकी मागितली, चष्मा लावून मागची बाजू वाचली.

"बाई, हे सगळं एकच आहे. आता आणखी काही घेऊ नका. गरम पाणी प्या, आराम करा. सर्दी आपापली जाते. ताप राहिला किंवा धाप लागली तर डॉक्टरांकडे जा."

इतके सरळ वाक्य तिथे बऱ्याच वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. मुख्य लिपिकबाईंनी पेन खाली ठेवले.

"म्हणजे तुमच्या टेबलाने भर काय घातली?"

"काही नाही, बाई. नको म्हणालो."

"काही नाही?" उपसंचालक दारातून म्हणाले. "मग काही नाही यासाठी वेगळं टेबल कशाला ठेवायचं? बघायला हवं."

आवकरावने आपल्या टेबलाकडे पाहिले. त्यावरची हुद्द्याची पाटी अजून नवी होती. बायकोचे बजावणे आठवले, डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवला, सलाईनच्या बाटलीतून पडणारे थेंब आठवले. हे सगळे त्याला अगदी स्पष्ट आठवत असताना त्याचा हात खणाकडे गेला.

"तशी माझ्याकडे एक आहे," तो लेखा शाखेतल्या बाईंना म्हणाला. "घेऊन बघा. हिचा काही त्रास नाही."

सगळ्यांना हायसे वाटले. वाचकहो, तुम्हाला आवकरावचा राग आला असेल, आणि तो रास्त आहे. फक्त लेखा शाखेतल्या बाई शिंकल्या, असे वर वाचलेत, तेव्हा तुमच्या मनात एका गोळीचे नाव येऊन गेले. ती सांगण्याआधी बाईंनी आज काय काय घेतले आहे, हे तुम्हीही विचारले नव्हते.