सुमित्राची मांडी

बेलापेठेत सूतगिरणीला जाणाऱ्या बाया सकाळी आपापली मांडी काढून गोदूमावशीच्या पाळणाघरात ठेवून जात.

यात कुणाला नवल वाटत नसे. गिरणीत काम उभ्यानं. सुटलेला धागा जोडत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, बसायला स्टूलसुद्धा नाही. मग बिनकामाची मांडी बरोबर वागवायची कशाला? ती पोराजवळ राहिलेली बरी. पाय तेवढे न्यावे लागत, नाहीतर बाया गिरणीपर्यंत जाणार कशा? पाय वेगळे आणि मांडी वेगळी, हे लेकुरवाळ्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांना समजत नाही त्यांनी एकदा रडकं पोर घेऊन उभं राहून बघावं.

गावात पोरांची दुसरी सोय नव्हती असं नाही. सरकारी अंगणवाडी होती. तिथं खिचडी मिळे, वजन होई, पण दुपारच्या आतच पोरं घरी. आजीकडं ठेवायची सोय होती, पण ज्या आज्या धडधाकट होत्या त्या स्वतःच गिरणीत होत्या आणि ज्या घरी होत्या त्यांनाच कुणीतरी सांभाळायला लागे. वेशीजवळ एक इंग्रजी नर्सरीही निघाली होती. तिथल्या मॅडम गळ्यात शिट्टी घालून दारात उभ्या राहत आणि म्हणत, "आमच्याकडे मांडी अलाउड नाही. मुलं परावलंबी होतात." तिथली पोरं प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून सफरचंदाची गाणी म्हणत. बेलापेठेत सफरचंद फक्त दवाखान्यात कुणी पडलं तरच दिसे, त्यामुळं त्या पोरांना गाणं लागलं की कुणीतरी आजारी आहे असंच वाटे.

म्हणून गोदूमावशी. तिच्या लांबोड्या पडवीत सतरंजीवर मांड्या ओळीनं मांडलेल्या असत. प्रत्येकीवर त्या त्या बाईच्या जुन्या साडीचा तुकडा. पोरं त्या रंगावरून आपली मांडी ओळखत, आणि रंग कळायच्या आधीची पोरं वासावरून. बाई मांडी ठेवून गेली की मावशी तिच्या हातात पितळी बिल्ला देई. संध्याकाळी बिल्ला परत, मांडी परत, पोर परत. पुरुषांच्या मांड्या मावशी घेत नसे. "हाडं टोचतात," म्हणे. "आणि ठेवून गेले की न्यायला विसरतात."

पाळणाघराचा नियम एकच होता. झोपलेल्या पोराखालची मांडी काढायची नाही. गिरणीचा भोंगा होवो, पाऊस येवो, आई दारात ताटकळो. पोर आपणहून उठेल तेव्हाच.

या नियमाचा जाच सगळ्यांत जास्त सुमित्राला होई, कारण तिची कस्तुरी झोपाळू. सगळ्या बाया आपापल्या मांड्या घेऊन गेल्या तरी सुमित्रा पडवीत उभीच.

"मावशे, उठव की गं. भाकरी टाकायच्यात मला."

"मी नाही उठवणार. तुझीच मांडी लबाड आहे. पोरगी चुळबुळली की डावा गुडघा हलवते आणि परत निजवते. सांग तिलाच."

खरंच होतं ते. सुमित्राला डावा गुडघा हलवायची सवय होती, आणि ती नसतानाही मांडीनं सवय सोडली नव्हती. शेवटी कस्तुरी उठे. सुमित्रा मांडी लावून घेई, आणि दिवसभराच्या मुंग्या एकदम तिच्या पायात उतरत. मग ती भिंतीला धरून हसायची. "अगं आई गं! मावशे, दगड झालाय नुसता!" आणि लंगडत, हसत, पोरीला काखोटीला मारून जायची.

कार्तिकातल्या एका दुपारी गिरणीत सुमित्राच्या छातीत कळ आली. बाजूच्या बाया ओरडल्या, "बस, खाली बस गं!" ती बसणार कशावर? मांडी पडवीत होती. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि उभ्या उभ्याच गेली. डॉक्टर आले, नाडी बघितली, "बसली असती तर," एवढं म्हणाले आणि पुढचं वाक्य बॅगेत घालून निघून गेले.

मावशीला हे कळलं तेव्हा पडवीत पोरं निजली होती. ती कस्तुरीशेजारी जाऊन बसली. मांडी ऊबदार होती. तिला कुणी अजून सांगितलं नव्हतं.

उन्हं कलताना सुमित्राचे मोठे दीर अण्णा आले. मागोमाग नवरा दिगंबर. दिगंबरचं सायकल दुरुस्तीचं दुकान, हाताला अजून काळं ग्रीस होतं. अण्णा गावात सगळ्यांच्या मयताला पुढं असायचे. लाकडं कुणाकडून, मडकं कुठलं, सगळं त्यांना पाठ. सख्ख्या भावजयीच्या वेळी तर त्यांना एका जागी उभं राहवत नव्हतं.

"मावशे, मांडी दे," अण्णा म्हणाले. "तिरडी बांधून झालीय. दिवस मावळायच्या आत उचलायचीय."

"पोरगी निजलीय."

"उचल तिला."

"नियम आहे, अण्णा. तुमचीच नातवंडं इथं निजून मोठी झाली. तेव्हा तुमची सून दारात उभी राहायची, तुम्हीच म्हणायचा, राहू दे, निजू दे."

"तेव्हा कुणी मेलं नव्हतं." अण्णांचा आवाज चिरकला. मग त्यांनी तो नीट केला. "अर्धं माणूस जाळायचं का आम्ही? वर गेल्यावर ती बसणार कशी? आमची म्हातारी तिथं विचारेल, माझी सून अशी उभीच का आली?"

"जन्मभर उभीच होती की ती," मावशी म्हणाली. "आणि आता तिला निजायचंय. निजलेल्या बाईला मांडी असते का कधी?"

अण्णा एवढ्या मयतांना गेलेले, पण हा मुद्दा त्यांच्यासमोर कधी आला नव्हता. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"पोरगी उठेपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "उठली की न्यायची. मग नियमही राहिला आणि रीतही राहिली."

सरळ होतं ते. अण्णा पायरीवर बसले, दिगंबर खांबाला टेकला. गिरणी सुटली. बाया आल्या आणि आपापल्या मांड्या घेऊन, पोरांची तोंडं दाबत निघून गेल्या. रिकाम्या सतरंजीवर एकच मांडी उरली. तिच्यावर हिरव्या साडीचा तुकडा, आणि त्यात तोंड खुपसलेली कस्तुरी.

पोरीच्या पापण्या हलल्या. अण्णा उठले.

मांडीचा डावा गुडघा हळूहळू हलू लागला. पोरगी परत निजली.

अण्णा बसले. जरा वेळानं कस्तुरीनं कूस बदलली, हात ताणले. अण्णा परत उठले. गुडघा परत हलला, या खेपेला जरा घाईनं. पोरगी परत निजली.

"बघितलंस?" अण्णा मावशीला म्हणाले. "मुद्दाम करतीय."

"मी काय सांगणार तिला."

"दिग्या, तू सांग. तुझी बायको आहे."

दिगंबर पुढं आला. ग्रीसचे हात त्यानं शर्टाला पुसले आणि मांडीजवळ उकिडवा बसला. मावशीनं बघितलं, त्याचे हात पुढं होत होते. त्यानं नियम मोडला असता तरी नवऱ्याचा हात धरायचा अधिकार तिला नव्हता. त्यानं एक हात हिरव्या तुकड्यावर ठेवला. त्याच्या हाताखाली गुडघा हलत राहिला. पलीकडं उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकून कौलांना लागली होती.

"दमलीस का गं?" त्यानं विचारलं.

गुडघा हलायचा थांबला नाही.

दिगंबर उठला आणि त्यानं चपला पायात सरकवल्या.

"चला अण्णा," तो म्हणाला. "तिला यायला जमणार नाही. ती कामात आहे."

दिवस मावळायच्या आत सुमित्राला जशी होती तशी नेली. आडवी होती, त्यामुळं काही कमी आहे असं कुणाला दिसलं नाही.

अंधार पडल्यावर दिगंबर ओल्या केसांनी परत आला आणि सुमित्राच्या कमरेला सापडलेला पितळी बिल्ला त्यानं मावशीच्या हातावर ठेवला. तेव्हा गुडघा थांबला. कस्तुरी उठून बसली, डोळे चोळले, बापाकडं बघितलं आणि दाराकडं बघितलं.

"आई?"

तिनं पाठ पुन्हा मांडीला टेकवली. मावशीनं कंदील आणला. दिगंबरनं पोरीला खांद्यावर घेतलं, मांडी जुन्या धोतरात गुंडाळून काखेत धरली आणि घरी गेला. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी त्यानं दोन्ही आणून नेहमीच्या जागी ठेवलं. मावशीनं बिल्ला दिला.

असं कस्तुरी शाळेच्या वयाची होईपर्यंत चाललं. शेवटी शेवटी तिचे पाय मांडीबाहेर सतरंजीवर यायचे, डोकंही पुरतं मावायचं नाही. ती अंग आखडून निजायची. शाळेत मांडी नेता येत नाही हे तिला मावशीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी नवी पाटी घेऊन ती पडवीत आली. एका बाईचं तान्हं पोर त्या दिवशी नवंच होतं; त्याची आई मांडी ठेवायला लाजली होती आणि पोर रडून निळं पडत होतं. कस्तुरीनं ते उचललं आणि हिरव्या तुकड्यावर ठेवलं. डावा गुडघा जरा थांबला, मग हलू लागला.

"फार वेळ नको ठेवू हं मावशे," कस्तुरी म्हणाली. "तिला मुंग्या येतात."

तिनं मांडी दोन्ही हातांनी नीट चोळली, आणि पाटी घेऊन शाळेत गेली.