गाव तेवढी पानं

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्याकडे आले की चपला काढायच्या आधी विचारत, "पाव्हणं, एखादं नवं गाव हाय का?" जसं काही मी घरात गावं पाळली होती.

वडवणीत दाजींचा कॉम्प्युटरचा क्लास होता. मोबाइलला इनकमिंग फुकट झालं, त्या सुमाराची गोष्ट. क्लासला पोरं कमी आणि लाइट त्याहून कमी. अशात बोअरच्या मशीनचे एक मालक भेटले आणि दाजींनी त्यांची वेबसाइट करायला घेतली. क्लासचं भाडं आता त्यावरच निघायचं होतं.

"गिऱ्हाईक काय शोधतं? बोअर आन् आपलं गाव. मग दर गावाला एक पान! मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. साचा एक, विटा हजार."

मजकूर मराठी, अक्षरं इंग्रजी. मराठी अक्षरांच्या जागी तेव्हा नुसते चौकोन उमटायचे. 'धारूरमध्ये बोअर घ्यायचाय? धारूरच्या जमिनीची नस आमालाच ठाऊक.' उमापूरलाही हेच. डोंगरावरचं धारूर आणि खालचं उमापूर, दोघांची नस एकच!

पुढंपुढं दाजी बोलायलाही साच्यातूनच लागले. "तुमच्या घरचं कार्य म्हंजे आमच्याच घरचं," हे वाक्य ते लग्नात म्हणत आणि तेराव्यालाही.

गावांची नावं वाचून दाखवायला मी. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि रविवारी क्लासात दाजींपुढं गावं मोजायची. बायको म्हणायची, "तुमाला कुनीबी जुंपतं." खरंय. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते.

एका रविवारी मालक क्लासात आले ते तापूनच. "मास्तर, माझ्याच पैशानं माझा धंदा बुडवता व्हय? हे काय लिवलंय?"

एका पानावर साच्यातली एकही ओळ नव्हती. लिहिलं होतं, 'या गावाला बोअर लागत न्हाई. मारुतीमागच्या विहिरीचं पाणी लई गोड हाय. पोहरा काठावरच असतो.'

"कुठं हाय हे गाव?"

"धरणात," दाजी म्हणाले. "आमचं हाय."

मालकांना हसूच फुटलं. "बुडालेल्या गावाचं पान कशाला ठेवायचं? काढा ते. न्हाईतर पुढलं काम दुसऱ्याला."

 दाजी म्हणाले, "द्या दुसऱ्याला."

मालक गेले. भाड्याचं काय, हे मला विचारवेना. म्हणून दुसरंच विचारलं, "दाजी, कोण बघणारे हो ते पान?"

"कुनी न्हाई. पन चुकून कुनी गावाचं नाव टाकलंच, तर 'काही सापडलं न्हाई' असं नगं यायला. येवढंच."

मालक साइटवरून ते पान काढणार, हे उघड होतं. दाजी इंटरनेटवर फुकटात मिळणारी एक जागा शोधून तिथं नवं पान उघडून बसले, पण त्यांची बोटं काही चालेनात. मी खुर्ची सरकवून कीबोर्ड माझ्याकडे ओढला.

"सांगा."

"मारुतीपासून धरा," दाजी म्हणाले. "डाव्या हाताला पयलं घर आमचं."