माळावरचा एकुलता खिळा

हेरवाडीच्या माळावर जमिनीत पडलेली प्रत्येक वस्तू आपण कोण ते धातू शोधणाऱ्या यंत्राला स्वतः सांगते, आणि गेल्या जत्रेपासून सगळ्या वस्तू खोटं सांगू लागल्या आहेत. ग्रामपंचायतीनं त्यावर नियम केला. वस्तूचं म्हणणं अंतिम. सोनं म्हणाली तर खणायचं, खिळा म्हणाली तर पुढं जायचं.

बायजाक्काला हा नियम कधीच पटला नव्हता. तिच्या उजव्या कानातली बुगडी, तिच्या आईची, त्याच जत्रेत पडली होती, आणि सोमवारी माळावर काँक्रीट पडणार होतं.

पंचायतीचा यंत्रवाला इब्राहिम मुल्लाणी दांडी फिरवत पुढं, अक्का खुरपं घेऊन मागं. यंत्राच्या काचेवर 'सोनं' उमटलं, अक्का बसली. सोडावॉटरचं झाकण निघालं. पुन्हा 'सोनं', तर गुटख्याच्या पुडीचा चमचमता कागद. 'चांदी' म्हणणारे तर झाडून सगळे मांडवाचे खिळे.

"तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्राला काय धाड भरलीया, अक्का? ते ऐकतं तेच सांगतं. खोटं बोलतंय ते झाकण."

"मग झाकणाचं ऐकून मला खाली का बसवतोस? माझं गुडघं पंचायतीचं हाईत व्हय?"

इब्राहिमनं थोडा विचार केला. "नियम हाय," तो म्हणाला.

जत्रेत जिथं कासारांची दुकानं लागतात तिथं काचेवर 'खिळा' उमटलं. इब्राहिम पुढं गेला. अक्का जागची हलली नाही.

"आख्ख्या माळावर स्वतःला खिळा म्हणणारं दुसरं कोण भेटलं रं?"

"कोण न्हाई. खिळं समदं चांदी म्हणत्यात."

"मग ह्यो एकटाच खरं बोलणारा कोण लागून गेला?"

इब्राहिमनं टोपी सारखी केली. "पण सोनं स्वतःला खिळा कशापायी म्हणंल? त्याला काय कमी हाय?"

अक्काचा हात डाव्या कानातल्या बुगडीकडं गेला. इथंच, बांगड्या भरता भरता, ती नणंदेला म्हणाली होती की दोन्ही बुगड्या आटवायच्या आणि नातीच्या लग्नाला साखळी करायची. तेव्हा बुगडी कानातच होती. तिला ऐकू गेलं नसेल, असं म्हणायला जागा नव्हती.

ती खाली बसून खणू लागली. वीतभर खाली बुगडी होती. मोती शाबूत, फिरकी नीट उलटी फिरवून काढलेली; म्हणजे ती पडली नव्हती, आपणहून उतरली होती. इब्राहिमनं यंत्र बुगडीजवळ धरलं. 'खिळा.'

"अजून घुश्शात हाय," तो म्हणाला.

लग्न तोंडावर होतं. अक्का बुगडी घेऊन तालुक्याच्या सोनाराकडे गेली. त्यानं ती कसोटीवर घासली, भिंगातून पाहिली आणि परत दिली.

"खिळा आहे, अक्का. खिळे आम्ही आटवत नाही. दुसरी दाखवा."

अक्कानं डाव्या कानातली काढली. त्या बुगडीनंही सगळं ऐकलेलं होतं. सोनारानं तीही घासली.

"जोडीचाच आहे," तो म्हणाला.

साखळी झाली नाही. लग्नात नात दोन्ही कानांत खिळे घालून उभी राहिली. आलेल्या बायकांनी ते वाकून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, असली जुनी घडण आता कुठं मिळते.