दर्शनी भाग

इमारतीच्या सौंदर्यरक्षण नियमावलीतील कलम सहा पुढीलप्रमाणे होते: 'इमारतीच्या दर्शनी भागावर कोणत्याही सभासदाची नळी, तार, पेटी अथवा तत्सम वस्तू आढळता कामा नये.' हे कलम सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतः रचले होते. 'तत्सम' हा शब्द सुचला तेव्हा त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून तो दोनदा ऐकवला. "छान आहे," ती म्हणाली आणि दूध उतू गेले म्हणून परत पळाली.

उन्हाळा आला आणि अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईचे हृदय कुरकुरू लागले. डॉक्टरांनी बजावले, "खोली गार ठेवा. यांना उकाडा झेपणार नाही. औषधाइतकंच हे महत्त्वाचं समजा."

अध्यक्ष मातृभक्त होते. दर आठवड्याला ते कीर्तनाला जात, पुढच्या रांगेत बसत, आणि मातेच्या उपकारांवरचे पद सुरू झाले की सभागृहात पहिला रुमाल त्यांचाच निघे. त्यांनी त्याच दिवशी एसी आणला.

एसीवाला आला. भिंतीवर थाप मारून म्हणाला, "काम सोपं आहे, साहेब. एक पेटी आत, एक पेटी भिंतीपलीकडे. मध्ये तांब्याच्या दोन नळ्या. गॅस आतली उष्णता उचलणार आणि बाहेर नेऊन टाकणार. हमाली आहे ती, दुसरं काही नाही. हमालाला अंतर कमी आणि वळणं कमी, एवढीच काय ती अपेक्षा."

त्याने भिंतीला ड्रिल लावले मात्र, दारात चिटणीस उभा. नियमावली त्याच्या बगलेत होती.

"अध्यक्ष, माफ करा, पण कलम सहा."

"अहो, ही मागची भिंत आहे. दर्शनी भाग पुढे असतो."

"दर्शन म्हणजे दिसणं. जे दिसतं ते दर्शनी. ही भिंत पलीकडच्या इमारतीतून स्वच्छ दिसते. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांची नळी तुम्ही याच अर्थानं काढायला लावलीत. त्यावर टाळ्याही घेतल्यात."

"मग न दिसणारी भिंत कोणती?"

"तशी भिंत असते कुठे? देवाला तर चारही बाजू दिसतात."

अध्यक्ष वैतागले. "देव सभासद आहे का?"

चिटणीस विचारात पडला. "तपासून सांगतो," म्हणाला.

अध्यक्षांनी सवलतीसाठी रीतसर अर्ज केला. रीतसर तो अध्यक्षांकडेच आला. 'अर्जदाराच्या मातोश्रींविषयी पूर्ण सहानुभूती आहे. तथापि एकास सवलत दिल्यास अनिष्ट पायंडा पडेल,' असा शेरा मारून त्यांनी तो फेटाळला. स्वतःचा निःस्पृहपणा पाहून त्यांना गहिवरून आले.

"गहिवर जरा बाजूला ठेवा," बायको म्हणाली. "आईंना धाप लागलीय."

तेव्हा अध्यक्षांनी मार्ग काढला. बाहेरची पेटी आतच बसवायची, न्हाणीघरात.

"साहेब, तिचं नावच बाहेरची पेटी आहे," एसीवाला म्हणाला.

"नावात काय आहे? मी अध्यक्ष आहे म्हणून माझं कोणी ऐकतं का?"

"मला काय! तुम्ही सांगाल तर नळी स्वर्गापर्यंत नेतो. फक्त गारवाही तिकडेच राहील."

नळी निघाली. आईच्या कपाटावरून दिवाणखान्यात आली, पूर्वजांच्या तसबिरींना वळसा घालून स्वयंपाकघरात शिरली, डब्यांच्या फळीखालून वाकली आणि न्हाणीघरात पोचली. जिथे वळण तिथे जोड, आणि जिथे जोड तिथे एसीवाल्याचा सुस्कारा. नळीवरचे जाड फोमचे वेष्टण फळीखाली मावेना, म्हणून तेवढ्या भागापुरते ते सोलून काढले. उघड्या नळीला घाम फुटला. तो घाम थेंबाथेंबाने बायकोच्या मानेवर पडू लागला.

"घरात एक माणूस घाम गाळतं ते पुरत नव्हतं," ती म्हणाली.

आठवडाभरात गॅस उतरला. एसीवाल्याने जोडांना साबणाचा फेस लावला. फळीखालच्या जोडाने मोठा डौलदार बुडबुडा काढून दाखवला. जोड पुन्हा आवळला, नळ्यांमधली हवा पंपाने ओढून काढली, गॅस भरला. मग दिवाणखान्यातला जोड गळू लागला. तो आवळला, तर पूर्वजांपैकी एकजण खाली आले.

इतके होऊनही यंत्र चालत होते, हेच खरे दुर्दैव. आईच्या खोलीतली उष्णता न्हाणीघरात जाई, न्हाणीघरातून दिवाणखान्यात येई आणि तिथून दाराच्या फटीतून पुन्हा आईच्या खोलीत. उष्णतेची घरातल्या घरात सहल होत होती. आंघोळीला गेलेला माणूस तांबडालाल होऊन परते. उकाडा होता तेवढाच होता. फक्त आता त्याला आवाज फुटला होता.

"बाळ," आई क्षीण आवाजात म्हणाली, "ते यंत्र बंद कर. मला जरा गार वाटू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घेरी आली. खुर्चीवरून ती अशी काही सरकली, की अध्यक्षांच्या तोंडून कलम, पोटकलम काहीच निघाले नाही, नुसतेच "आई गं" निघाले. डॉक्टर आले, शुद्धीवर आणले, आणि जाताना म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला बोलावून उपयोग होणार नाही."

अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. कलम रद्द करा, असे म्हणण्याचे त्यांच्या मनात होते. पण दंतवैद्य पुढेच बसले होते आणि दाढ दिसावी एवढे हसत होते. अध्यक्षांनी वाक्य बदलले. ते म्हणाले, "कलमाच्या पावित्र्याला धक्का न लावता, आपण फक्त त्याचा अर्थ पाहू."

सगळे खाली उतरले आणि कोणती भिंत कोणाला दिसते, ते पाहत इमारतीभोवती फिरले. पुढची रस्त्यावरून दिसत होती, मागची पलीकडच्या इमारतीतून, डावी बागेतून. उजवीकडे अरुंद बोळ होता. बोळात एकच खोली, तिला एकच खिडकी.

"इथून कोण बघतं?" चिटणिसाने विचारले.

"रखवालदार. त्याची खोली आहे ती."

"तो सभासद आहे का?"

"नाही."

सभेत विलक्षण शांतता पसरली, जशी एखादा मोठा शोध लागताना पसरत असावी. दंतवैद्यांनीच सूचना मांडली. त्यांचीही नळी उजवीकडून नेण्यासारखी होती. ठराव एकमताने झाला: 'दिसणे याचा अर्थ सभासदास दिसणे असा घ्यावा. जी बाजू सभासदांपैकी कोणासही दिसत नाही, ती दर्शनी समजू नये.'

आईचा पलंग उजवीकडच्या खोलीत हलवला. नळी हातभर लागली. एकही वळण नाही, वेष्टण अखंड, आणि फेस लावला तर एक बुडबुडा नाही. "याला म्हणतात काम!" एसीवाला म्हणाला. खोली गार झाली. आईने पांघरूण मागितले. कित्येक दिवसांनी तिचा श्वास एका लयीत चालू लागला. अध्यक्ष पलंगाशी बसून राहिले. या वेळी त्यांनी रुमाल काढला, तेव्हा आसपास पाहायला कोणी नव्हते. ते रडणे खरे होते, एवढे त्यांच्या खाती मांडलेच पाहिजे.

पुढे दंतवैद्यांची पेटी उजवीकडे लागली. मग चिटणिसाची लागली. मग सगळ्यांचीच.

एका दुपारी दार वाजले. बाहेर रखवालदार, चपला जिन्यातच काढून उभा.

"साहेब, तक्रार नाही. रात्रपाळी असते, म्हणून दिवसा झोपतो. पण खिडकी उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. बंद केली तर गुदमरतं. माझी आई असते खोलीत. तिला आता सोसत नाही."

अध्यक्षांना बोलायचे होते. खरोखर बोलायचे होते. त्यांनी तोंड उघडले, आणि आतून आले ते असे: "तुम्ही अर्ज करा."

"अर्ज सभासदाचाच घेतात म्हणे, साहेब."

"हो, तेही आहेच," अध्यक्ष म्हणाले.

दारातून थंडगार झुळूक बाहेर येत होती. रखवालदार तिच्यात एक क्षण डोळे मिटून उभा राहिला. गारवा वाया जातोय, हे ध्यानात येताच अध्यक्षांनी दार अलगद, अगदी सौजन्याने, लोटले.

"कोण आलं होतं रे?" आईने आतून विचारले.

"कोणी नाही, आई."

आता आपण अध्यक्षांना नावे ठेवायला मोकळे आहोत. ठेवूही या, गार खोलीत बसून नावे ठेवायला बरे वाटते. फक्त त्याआधी एकदा खाली उतरून, आपली पेटी कोणाच्या खिडकीत तोंड घालून फुंकते आहे, ते पाहून यावे. आजवर पाहिले नसेल, तर काळजी नसावी. ठरावाप्रमाणे ती बाजू दर्शनी नाही.