सगुणाबाई चालायला जातात

एका जंगलात, मुलांनो, सगळं हाकेच्या अंतरावर होतं. जांभळीखाली बाजार भरे, शेजारी पाणवठा, त्याच्या काठी सुगरणीची शाळा. कुठं जायचं झालं की प्राणी उठत आणि जात. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

सगुणाबाई साळिंदर तिथं राहायच्या. समोरच्या बिळात त्यांची मैत्रीण, गोदाक्का घोरपड. एकीनं पिठलं केलं की वाटी दुसरीकडे जायची. वाटी परत द्यायला आलेली मग दिवस मावळेपर्यंत उठायची नाही.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या राज्यात जाऊन आले आणि खिन्न झाले. आपल्याकडं काहीच रुंद नाही, म्हणाले. लगेच कोल्होबा प्रधानांनी शेपटीनं जमिनीवर रेघ ओढली. ती बरोबर दोन बिळांच्या मधून गेली. आता सगळं जवळ येणार, असं त्यांनी जाहीर केलं. सगुणाबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

रस्ता झाला. त्यावरून रानगवे उधळल्यासारखे धावू लागले आणि प्राणी त्यांच्या पाठीवर बसू लागले. जांभूळ आडवी आली म्हणून तोडली. बाजार डोंगरापलीकडे नेला, कारण तिकडं जायला आता रस्ता होता.

एके सकाळी समोरून गोदाक्कांचा खोकला ऐकू आला. सगुणाबाई कुळथाचं कढण घेऊन निघाल्या आणि रस्त्याच्या कडेला थबकल्या. गवे थांबेनात. तिथं बसलेल्या सशानं सांगितलं, की वळायची जागा डोंगराशी आहे, तिथवर जाऊन परत यायचं. त्या एका गव्यावर चढल्या. काटे टोचले तसं त्यानं त्यांना अर्ध्या वाटेत झटकून टाकलं. दुसऱ्यानं काटे मिटून बसायच्या अटीवर घेतलं.

वळून परत येताना पलीकडून एक गवा भरधाव गेला. त्यावर गोदाक्का होत्या, गळ्याला फडकं गुंडाळून. खोकल्यावर औषध विचारायला त्या सगुणाबाईंकडेच निघाल्या होत्या. दोघींनी हात केला. कढण सांडलं.

पुढं त्या दारातूनच हात करू लागल्या. धूळ वाढली तसं तेही सुटलं.

बसून बसून हळूहळू सगळे प्राणी अंगानं सुटले. महाराजांना डरकाळीच्या मध्यावर धाप लागू लागली. मग कोल्होबांनी दूर माळावर ‘जुनं जंगल उद्यान’ उभारलं. त्यात सिमेंटची जांभूळ आणि एक वळणावळणाची पायवाट होती. अख्खं जंगल गव्यांवर बसून तिथं लोटलं.

तिथं सगुणाबाईंना गोदाक्का भेटल्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. हातात हात घालून त्या चालल्या, पार दमेपर्यंत.

“प्रधानजी, ही वाट जाते कुठं?” सगुणाबाईंनी तिथं उभ्या असलेल्या कोल्होबांना विचारलं.

“कुठंच नाही. गोल फिरून इथंच येते.”

“मग जायचं कुठं?”

“जायचं नाही, बाई. नुसतं चालायचं.”

सगुणाबाई भारावून गेल्या.

“बघ गोदे, केवढी दूरदृष्टी,” त्या म्हणाल्या. “आपल्या वेळी असलं काही होतं का?”

नव्हतं, हे गोदाक्कांनाही कबूल करावं लागलं. मग दोघी आपापल्या गव्यावर बसून समोरासमोरच्या घरी गेल्या.

तात्पर्य : चालणं प्रकृतीला फार चांगलं. म्हणून, मुलांनो, प्रत्येकानं दारात एक रानगवा बाळगावा. नाहीतर चालायला जाणार कसं?