ब्लॅक डायमंडची कॅसेट

चौथं गाणं जरा हळुवार ठेवावं, ही सूचना माझी होती. पहिल्या तिन्हींत गुलाब बोंबलणारच आहे, तर निदान एक तरी रेडिओवाल्यांना झेपेल असं असावं, एवढाच माझा साधा विचार. त्या विचारापायी माझ्या सासऱ्यांचा अर्धा एकर धान गेला.

सत्त्याऐंशी साल. मी चंद्रपूरला एका कचेरीत कारकून होतो, आणि कचेरी सुटली की 'ब्लॅक डायमंड' या हार्ड रॉक बँडचा गिटारिस्ट. (कोळशाच्या गावात दुसरं नाव काय ठेवणार?) गुलाब गायचा, त्याचा भाऊ श्रावण ड्रम बडवायचा. कोणत्याही कंपनीनं आम्हाला घेतलेलं नव्हतं. खरं तर आम्ही आहोत हेच कोणत्या कंपनीला माहीत नव्हतं. म्हणून नमुन्याची एक कॅसेट भरायची ठरली.

रेकॉर्डिंग आमच्या घरी. भिंतींना गाद्या टेकवल्या, पंखा बंद केला, टेपरेकॉर्डर मधोमध स्टुलावर ठेवला. गाणी आमचीच होती. म्हणजे विलायती कॅसेटी आम्ही इतक्यांदा ऐकल्या होत्या, की सुचलेली चाल नेमकी कुठून सुचली हे कळेनासं झालं होतं. शब्द इंग्रजी.

माझी बायको रंभा दुपारभर शेजारी जाऊन बसली होती. परत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "गुलाबभाऊ कोन्या बेबीले बोलावून राह्यले?"

"तशी पद्धत असते."

"त्याइच्या बायकोले माहीत हाय का?"

ओळखीतून नागपूरला रेडिओतल्या एका साहेबांची भेट मिळाली. त्यांनी चारही गाणी डोळे मिटून ऐकली. चौथं तर दोनदा ऐकलं. मग कॅसेट माझ्या हातात देत म्हणाले, "स्वच्छ भरली आहे. लावण्यासारखीही आहे. फक्त ही गाणी मी आधी ऐकली आहेत. दुसऱ्यांची."

परतीच्या बसमध्ये आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत होतो. (खिडकी एकच होती.) त्यानंतर मी गिटारीला हात लावला नाही. रंभानं ते पाहिलं आणि कॅसेट उचलून आपल्या पेटीत टाकली.

दिवाळीनंतर ती ब्रह्मपुरीजवळ माहेरी जाऊन आली आणि म्हणाली, "तुमची कॅसेट बाबानं ठेवून घेतली. रोज लावतेत."

मी उठून बसलो. माझे सासरे सोमाजी माझ्याशी कधी चार शब्दांवर बोललेले नव्हते. त्याच शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, रंभाला घेऊन मी सासुरवाडीला पोचलो.

"मामाजी, कॅसेट ऐकता म्हणे?"

"रोज. अंधार पडला का भोंग्यावर लावतो."

भोंग्यावर. माझा ऊर भरून आला. "ऐकणाऱ्यांना आवडते?"

"आवडली त पंचाईत होईल," ते शांतपणे म्हणाले. "धानात डुकरं पडून राह्यले, जवाईबापू. ह्या गान्यानं भेतेत."

मी हे माहीतच असल्यासारखी मान हलवली. काहीतरी अब्रू राखायची म्हणून विचारलं, "चौथंही लावता ना?"

"नाई. तीन झाले का पट्टी मागं घेतो. चौथं येगळं हाय."

"तेच तर सगळ्यात चांगलं आहे मामाजी. आज लावून बघा."

जावयाला नाही म्हणायची त्यांच्याकडे रीत नव्हती. सकाळी ते शेतावरून आले आणि पाय धुताधुता म्हणाले, "लावलं होतं तुमचं चौथं. लावल्याबरोबर आले. आयकत आयकत खाल्लं."

शेतात गेलो. धान लोळवल्यासारखा आडवा झाला होता. रंभा बांधावर उभी राहिली. "ह्या बांधीत मी रोवणा केला होता," ती हळूच म्हणाली. पावसाळ्यात माहेरी येऊन तिनं इथं रोपं लावली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

डुकरं आता कॅसेटीला भिईनात, म्हणून मी रजा टाकली. कापणी होईपर्यंत मचाणावर बसलो, रिकामा टीन बडवला आणि ओरडलो. कोणाची चाल आठवायला सवड नव्हती. तोंडाला येईल ते ओरडलो: हेडक्लार्कचं नाव, रेडिओच्या साहेबांचं नाव, अडकलेल्या फायली, मग रंभाची माफी. घसा बसला, पण एकही डुक्कर बांध ओलांडून आलं नाही. उरलेला धान वाचला.

एका संध्याकाळी रंभा मचाणाखाली डबा घेऊन आली आणि बराच वेळ ऐकत उभी राहिली.

"हे गानं कोनाचं व्हय?"

"कोणाचंच नाही. माझं आहे."

"मंग हेच काऊन नाई भरलं कॅसेटीत?"

मी खाली वाकून डबा घेतला.

निघायच्या दिवशी शेजारच्या शेताचा मुखरू घरी आला. पुढल्या हंगामात त्याच्या शेतावर येता का, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला घरी येऊन बुक करत होतं. सोमाजी आतून बघत होते. रंभानं पदर सावरला. मी बसलेल्या घशानं, शक्य तितक्या भारदस्तपणे, जमवतो म्हणालो.

मुखरूचं समाधान झालेलं दिसेना. तो दारातच घुटमळला.

"गिटार आनता का काय?"

"आणीन की."

"नोको," तो म्हणाला. "टीन मी देतो."