मद्रासी आप्पांची घडी

आमच्या आळीतले आप्पा जेवणाची तारीफ कधी तोंडाने करत नसत. जेवण झालं, की समोरचं केळीचं पान पलीकडच्या कडेने उचलून आपल्याकडे मिटत, घडीवरून तळवा फिरवत आणि उठत.

ही तीस सालच्या आसपासची गोष्ट. आप्पा मूळचे लांज्याचे, पण मद्रासच्या पोस्टात पंचवीस वर्षं काढून पेन्शनीत रत्नागिरीला आले, ते तिकडच्या साऱ्या रीती घेऊन. पान मांडताना शेंडा डावीकडे हवा, एवढं आम्हांलाही कळतं. आप्पा त्यावर पाणी शिंपडून ते स्वतः पुसत, आणि कुठे चीर दिसली तर सरळ परत पाठवत. विचारलं तर म्हणत, "पान बोलतं हो!" बायको वारलेली, मूलबाळ नाही, म्हणून दर द्वादशीला एकादशीचं पारणं फेडायला ते आमच्याकडे असत.

आमच्या कुटुंबाला ती घडी खुपे. इकडे उष्टं पान मिटतो कोण? एकदा फणसाच्या भाजीच्या जेवणावर घडी पडली, तशी ती भडकली.

"पाहिलंत? भाजी टाकलीनीत आणि वर झाकून ठेवलंनीत!"

मी पान उघडून दाखवलं. आत मिठाचा कणही नव्हता.

"म्हणजे मी पोटभर वाढलं नाही, असं दाखवतात होय!"

पुढच्या द्वादशीला आप्पांना बोलावणं गेलं नाही.

त्या दिवशी आप्पा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून आपल्या ओटीवर बसले होते. सूर्य डोक्यावर आला तरी आमच्या दाराकडे बघत तसेच. कालचा उपास, आज पोटात काही नाही. मला लाज वाटली. दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून गेलो आणि घडीचं एकदाचं विचारूनच टाकलं.

"अहो, आपल्याकडे मिटलं म्हणजे तृप्त झालो, पुन्हा बोलवा," आप्पा म्हणाले. "तोंडाने कसं मागायचं? पलीकडे मिटायचं ते मयताच्या जेवणाला. तसं जेवण पुन्हा नको म्हणून."

मग म्हणाले, "हिच्या तेराव्याला मी चुकलो. हात सवयीने आपल्याकडेच आला. सगळे म्हणाले, उघडा, उलटं मिटा. मला नाही हो जमलं. तिला 'पुन्हा नको' कसं म्हणू?"

मला जेवायला हाक मारायला आलेलं आमचं कुटुंब गडग्याशी कधीचं उभं होतं. पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "आप्पा, चला, भात निवतोय. आणि द्वादशीची वाट कसली बघता? उद्याही यायचं. रोज यायचं."

आप्पा उठले. वहाणा पायरीवरच राहिल्या, आणि तापलेल्या चिऱ्यांवरून ते तसेच अनवाणी निघाले.